सव्वा मूठ दादर

माझ्या आईचं नाव भागाबाई, पण शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावात तिला या नावाने कोणी ओळखत नाही. लहानथोर सगळ्यांची ती अक्का. मी तिची पोटची मुलगी, मीही तिला अक्काच म्हणते. जळगावला एका शाळेत गणित शिकवते, दिवसभर पोरांवर ओरडते आणि माहेरी गेले की अक्काचं ओरडणं ऐकते. तेवढाच बदल.

अक्का हट्टी आहे. तिच्यासारखी हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि मी आरशात रोज एक हट्टी बाई पाहते. तिला पटवायला जावं तर ती वाद घालत नाही, डोक्यावरचा पदर नीट करते आणि आपल्याला हवं तेच करते. नाना, म्हणजे माझे वडील, होते तेव्हा ते म्हणायचे की हिच्याशी भांडण्यापेक्षा गाव सोडलेलं सोपं. ते काही गाव सोडून गेले नाहीत, भांडणंच सोडली.

या हट्टाची खरी परीक्षा श्रावणात व्हायची. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई, आमची खान्देशातली देवी, बसते. तिच्या आधी रोटाची, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या पुरण भरलेल्या पोळ्यांची, मूठ निघते. अक्का आंघोळ करून, केस ओलेच ठेवून गव्हाच्या पोत्यापुढे बसते. घरातल्या एकेकाचं नाव घेते आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकते. एक भरलेली मूठ आणि वर चिमटीत मावतील तेवढे दाणे. आमचं घर आणि कौतिकआबांचं घर, दोन्हींतलं कोणी सुटत नाही. कौतिकआबा म्हणजे नानांचे चुलतभाऊ, भाऊबंदांत आता वयाने सगळ्यांत मोठे. या सगळ्या मुठींचं मिळून एक पीठ होतं. त्या पिठाचं जे काही करायचं ते घरच्यांनीच खायचं, पौर्णिमेच्या आत संपवायचं आणि बाहेरच्या माणसाला त्यातला तुकडाही द्यायचा नाही.

लग्न झालेली मुलगी ही बाहेरची. माझं लग्न ठरलं त्या वर्षी अक्का मला म्हणाली होती, "तुनी मूठ आते तुना सासरले." आणि सासरी पाहते तर काय, त्यांच्याकडे कानबाई बसतच नाही. म्हणजे माहेरची मूठ सुटली आणि सासरी मूठ नाही. दरवर्षी मी रजा टाकून येते, अक्काच्या हाताखाली राबते, गंगाफळ म्हणजे लाल भोपळा चिरते, पुरण वाटते, आणि सगळे रोट खायला बसले की मी कोपऱ्यात वरणभात घेऊन बसते. मी यावरून अक्काला किती टोमणे मारले असतील याची गणतीच नाही. ती पदर नीट करते.

हे सगळं आधी सांगून ठेवलं, कारण आता मोनालीची गोष्ट सांगायची आहे.

मोनाली ही माझ्या भावाची, भूपेंद्रची मुलगी. जन्मली तेव्हा चांगली गुटगुटीत होती. वरचं खायला लागली आणि हळूहळू तिची रया गेली. पोट नगाऱ्यासारखं पुढे, हातपाय काटकुळे, चेहरा म्हाताऱ्या माणसासारखा सुरकुतलेला. सारखी शौचाला जायची, आणि ते इतकं घाण वासाचं की भूपेंद्रची बायको सोनल रडकुंडीला यायची. पोर हसायची नाही. कडेवर घेतलं तर किरकिर, खाली ठेवलं तर किरकिर. पाच वर्षांची झाली तरी तीन वर्षांच्या पोरीचे कपडे तिला सैल व्हायचे.

उपाय कमी केले नाहीत. जंताचं औषध झालं, रक्तवाढीचं औषध झालं, कावीळ उतरवून झाली, दृष्ट काढून झाली. एकाने सोनलच्या दुधात दोष सांगितला. पोर दूध सोडून जमाना झाला होता तरी सांगितला. सोनल बारावी शिकलेली, धुळ्याच्या वसतिगृहात राहिलेली, शुद्ध पुस्तकी मराठी बोलणारी मुलगी, पण तीही त्या दिवशी घरात तोंड लपवून बसली होती. तो माणूस मला भेटला नाही हे त्याचं नशीब.

आणि अक्काने काय केलं? अक्काने नातीला गहू खाऊ घातला.

आमच्याकडे रोजचं जेवण म्हणजे दादरची भाकरी. दादर ही आमची रब्बीची ज्वारी, टपोरी आणि गोड. गहू सणाचा, पाहुण्यांचा, आजाऱ्याचा. घरातल्या सगळ्यांनी भाकरी खायची आणि अशक्त पोरीला मात्र गहू द्यायचा, असा अक्काचा कायदा. ती गहू भिजवायची, वाटायची, गाळायची आणि त्याचं सत्त्व काढून त्याची खीर पोरीला भरवायची. सकाळी सत्त्व, दुपारी तुपात चुरलेली बट्टी, संध्याकाळी रव्याची खीर, मधल्या वेळेला दुधात बिस्किट. पोर तोंड फिरवायची. अक्का मांडीवर घेऊन, गाणं म्हणत, चमचा चमचा भरवायची. पोर जितकी वाळायची तितका अक्का गहू वाढवायची.

शेवटी दिवाळीनंतर मी भूपेंद्रला फोनवर खडसावलं आणि पोरीला धुळ्याला लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन जायला लावलं. मी जळगावहून परस्पर तिथे पोचले. अक्का बरोबर आलीच होती. नातीला तिच्याशिवाय कोण भरवणार?

डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी मोनालीला तपासलं, मांड्यांची लोंबती कातडी चिमटीत धरून पाहिली, वजन-उंची घेतली. मग विचारलं, "ही काय खाते?"

सोनल तोंड उघडणार तोच अक्का पुढे सरकली. "आम्ही बठ्ठा भाकर खातस," ती अभिमानाने म्हणाली, "पन हाई पोरले नही देत. तिले गहूच. सत्त्व, रवानी खीर, तूपमा चुरेल बट्टी."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. अक्काकडे पाहिलं, पण रागाने नाही. म्हणाल्या, "आजी, मला एक शंका येतेय. आधी रक्त तपासू, मग दुर्बिणीची नळी घालून आतड्याचा बारीक तुकडा काढून पाहू. तोवर हिचं खाणं जसं चालू आहे तसंच ठेवा. गहू बंद करू नका, नाहीतर तपासणीत आजार लपून बसेल."

रक्ताचा रिपोर्ट आला, पोरीला थोडी गुंगी देऊन नळीची तपासणी झाली, आणि मग बाईंनी आम्हा सगळ्यांना समोर बसवून सांगितलं. आजाराचं नाव सिलियाक. काही मुलांच्या अंगात जन्मापासूनच याचा कल असतो, तो घराण्यातून येतो. गव्हात आणि जवात एक चिकट अंश असतो, त्याच्यामुळेच कणीक ताणली जाते. अशा मुलांच्या पोटात तो गेला की शरीराची राखण करणारी फौज बिथरते आणि आपल्याच आतड्यावर तुटून पडते. "नव्या टॉवेलला कशी लव असते, तशी आतड्याला आतून असते," बाई म्हणाल्या. "त्या लवेतून अन्न अंगात जिरतं. हिची लव झिजून सपाट झाली आहे. म्हणून कितीही खाल्लं तरी अंगी लागत नाही."

"म्हणजे आपण जेवढा गहू दिला..." भूपेंद्र म्हणाला.

अक्काचा चेहरा मला पाहवेना. तिने पदर नीट केला, मग पुन्हा नीट केला. आणि विचारलं, "गहू जहर व्हता, ते आखो खवाडाले कसाले सांगं तुम्हीन?"

तपासणी खरी यावी म्हणून, असं बाईंनी पुन्हा शांतपणे समजावलं. आणि मग त्या म्हणाल्या की यात कोणाची दृष्ट नाही, आईच्या दुधाचा दोष नाही, कोणाचं पाप नाही. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आईवडिलांची तेवढी रक्ततपासणी करून घ्या. सोनलने तिथेच तोंडाला पदर लावला आणि ती ढसाढसा रडली. इतक्या दिवसांचं तुंबलेलं रडली, आणि मला बरं वाटलं.

"मंग औषध काय?" अक्काने विचारलं.

"लोह आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या देते, पण खरं औषध गोळीत नाही," बाई म्हणाल्या. "गहू, रवा, मैदा, जव जन्मभर बंद. चिमूटभरसुद्धा नाही. बिस्किट नाही, शेवया नाहीत, गव्हाची कुरडई नाही. बांधणीच्या हिंगातही कणीक असू शकते, तो बघून घ्या. बाकी ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका, डाळी, सगळं द्या. तुम्ही घरी काय खाता म्हणालात?"

"भाकर," अक्का म्हणाली. "दादरनी भाकर."

"तीच द्या."

अक्का त्यांच्याकडे बघतच राहिली. पोरीला वाचवायला सगळं घर स्वतः जे खात होतं आणि तिच्या तोंडापासून दूर ठेवत होतं, तेच तिचं औषध होतं. अक्काला हसू आलं आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. "भाकर?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती. "आसी साधी भाकर?"

भूपेंद्र आणि सोनलचे रिपोर्ट नंतर चांगले आले. घरातून गहू हद्दपार झाला. सोनलने जुनी लाकडी पोळपाट-लाटणी काढून टाकली, काथवट नवी आणली, डबे धुऊन उन्हात ठेवले. मोनाली पहिले काही आठवडे खरोखर सुधारली. मग माघात पुन्हा पोट फुगलं, पुन्हा ते शौच सुरू झालं. सोनलचा फोन आला तेव्हा तिचा आवाज दगडासारखा होता. "ताई, अक्का तिला चोरून काहीतरी देतात. प्रसाद, बट्टी, काहीतरी. मला दिसत नाही, पण देतात."

मी विचारलं तर अक्का म्हणाली, देत नाही. अक्का हट्टी आहे पण खोटं बोलत नाही. तरी सोनलचा विश्वास बसेना, आणि पोरीची आई ती, तिचा कसा बसावा?

उलगडा पुन्हा धुळ्यालाच झाला. डॉक्टरीणबाईंनी एकेक विचारत विचारत शेवटी विचारलं, "पीठ कुठे दळता?"

पुन्हा अक्का पुढे सरकली. आमच्या गावात हिलालची गिरणी आहे. तिथे गव्हाची चक्की वेगळी आणि ज्वारी-बाजरीची वेगळी. "मी हिलालले सांगी ठेवेल शे," अक्का म्हणाली. "मनी नातनं दयन गहूना चक्कीवरच काढ. तठे पीठ मऊ निघस, कचकच नही लागत."

पोरीचं आतडं नाजूक, म्हणून तिला गावातलं सगळ्यांत मऊ पीठ मिळावं. हिलालसुद्धा अक्काचा शब्द मानून, गव्हाचा घाणा उतरला की लगेच त्याच्यापाठी मोनालीची दादर टाकायचा. प्रत्येक भाकरीत थोडा गहू जात होता आणि तो अक्काने मुद्दाम सांगून, आग्रह करून घातला होता.

घरी आल्यावर अक्काने माळ्याखालचं जातं ओढून अंगणात काढलं. वर्षानुवर्षं त्यावर फक्त कानबाईचा रोट दळला जायचा, म्हणजे तेही गव्हाचंच. तिने पाथरवट बोलावला, जात्याच्या दोन्ही तळ्या धुवून त्यांना नव्याने टाकी लावून घेतली, वर दोनदा तांदूळ दळून ते पीठ म्हशीला घातलं. त्या दिवसापासून मोनालीची दादर अक्का स्वतः दळायला लागली. या वयात खांदा भरून यायचा, पण गिरणीला दाणा गेला नाही.

मी सोनलला म्हटलं, बघ, चोरून काही दिलं नव्हतं. ती म्हणाली, "मला माहीत आहे, ताई. अक्का वाईटासाठी काहीच करत नाहीत. मला त्यांच्या मायेचीच भीती वाटते."

मी सूप ओढून मोनालीची दादर निवडायला बसले.

पण पीठ बदललं आणि पोर खरंच पालवली. उन्हाळ्यात मी गेले तेव्हा तिने दारातच मला अडवून सांगितलं, "आत्या, माले गहू चालत नही." हे ती सगळ्यांना सांगायची. शाळेत बाईंना, दुकानात वाण्याला, बसमध्ये कंडक्टरला. न विचारता. एखादीने सोन्याच्या बांगड्या दाखवाव्यात तशी. ज्वारीचे पापडासारखे बिबडे, वरण-भात, तूप-भाकरी, तिखट शेंगदाण्याची चटणी, काही म्हणून वाया जाऊ द्यायची नाही. पोट आत गेलं, गालावर मांस आलं. आणि ती हसायला लागली. सहा वर्षांची होईपर्यंत हिच्या पुढच्या दातांत फट आहे हे घरातल्या कोणाला नीट माहीतच नव्हतं.

आषाढात धुळ्याला दाखवलं. वजन भरलं होतं, उंची सुटली होती, रक्तातला आजार दाखवणारा आकडा चांगलाच उतरला होता. डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. आम्ही उठलो तरी अक्का खुर्चीवरच बसून राहिली.

"मनी पह्यली पोर बी आसीच व्हती," ती मान खाली घालून म्हणाली. "पोट फुगेल, हातपाय काड्या. छबी नाव व्हतं."

छबी माझ्या आधीची. मी जन्मले त्याच्याही आधी गेलेली. घरात तिचा फोटो नाही, नाव कधी निघत नाही. मला ती होती एवढंच माहीत होतं.

बाई पुन्हा बसल्या. "तेव्हा आपल्याकडे ही तपासणी कोणाला ठाऊक नव्हती, आजी. तिला हेच होतं का, आता खात्रीने नाही सांगता येणार. पण तुमच्या हातून काही झालं असं मनात असेल, तर ते काढून टाका."

अक्काने हात जोडले. पण काढून टाकलं नव्हतं, हे मला त्याच संध्याकाळी कळलं.

घरी आल्यावर सोनलने सांगून टाकलं की या वर्षी कानबाईला ती मोनालीला घेऊन माहेरी, दोंडाईच्याला जाणार. रोटाच्या मुठी निघायच्या आधी जाणार आणि पौर्णिमा झाल्यावर येणार. घरभर गव्हाचं पीठ उडणार, सगळ्यांच्या ताटात रोट, आणि पोरीच्या नावाची मूठ निघाली की ती तिने खायलाच हवी असं कोणीतरी म्हणणार. ते 'कोणीतरी' म्हणताना तिने अक्काकडे पाहिलं नाही, एवढी तिची मर्यादा. भूपेंद्र नेहमीप्रमाणे दोघींच्या मध्ये उभा राहून मोबाइल पाहत होता.

अक्का उठून गोठ्याकडे गेली. मी मागोमाग गेले आणि तिच्यावर तुटून पडले. म्हटलं, "एक वर्ष पोरीची मूठ नाही निघाली तर काय आभाळ कोसळणार आहे? माझी निघत नाही, मी मेले का?"

अक्काने माझ्याकडे पाहिलं. मी तिला इतकी घाबरलेली कधीच पाहिली नव्हती.

"छबीनी मूठ राही गयी व्हती," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. छबी आजारी होती, म्हणून अक्का तिला घेऊन उपचारासाठी आपल्या माहेरी गेली होती. श्रावण तिकडेच गेला. इकडे तिच्या सासूने रोटाच्या मुठी काढल्या. परत आल्यावर अक्काने सासूला विचारलं, छबीची काढली ना? सासू म्हणाली, पोर इथं नव्हती, राहून गेली. दिवाळीच्या आत छबी गेली. त्यानंतर अक्काने रोटाची मूठ दुसऱ्या कोणाच्या हाती दिली नाही. नवी सून आली, नवं मूल आलं, कोणी गावाला गेलेलं असलं, तरी सगळ्यांत आधी नाव घेऊन मूठ. इतकी वर्षं मी जिला हट्ट म्हणत होते, ती भीती होती.

आणि आता मोनाली, त्याच दुखण्याची, ऐन कानबाईला घरात नसणार होती.

मला फार वाईट वाटलं आणि तितकाच रागही आला. अक्काचा नाही, कोणाचा ते माहीत नाही. मी तिचा हात धरून नुसती उभी राहिले. "मूठ काढायची तर पोरीला गहू द्यावा लागतो," मी म्हटलं, "आणि गहू दिला तर पोर पुन्हा आजारी पडते. अक्का, यातून दोन्ही नाही मिळायचं."

तिने पदर नीट केला. मला वाटलं, आता झालं.

मूठ काढायच्या दिवशी मी जळगावहून सकाळच्या गाडीने पोचले. सोनलची बॅग ओसरीवर भरून ठेवलेली होती, मोनाली तिच्यावर बसून पाय हलवत होती. भूपेंद्र मोटारसायकल पुसत होता. घरात गहू येत नव्हता म्हणून रोटासाठीचं गव्हाचं पोतं कौतिकआबांच्या घरून आलं होतं, आणि आबा स्वतः खाटेवर येऊन बसले होते. अक्का ओल्या केसांनी आली. डोक्यावर पदर होता. ती पोत्याजवळ बसली, त्याच्या तोंडाची सुतळी सोडली नाही, उलट पोतं दोन्ही हातांनी बाजूला सरकवलं.

"भूपा," ती म्हणाली, "कोठीमाईन दादर काढी लय."

अक्काने हात धुतले, भूपेंद्रने दादरची पाटी आणून ठेवली. आबा खाटेवर सरसावून बसले. "भूपानी माय, हाई काय? कानबाईले ज्वारी? आख्खा गाव हासी."

अक्का आबांच्या समोर कधी मोठ्याने बोलत नाही. त्या दिवशीही बोलली नाही, हळूच म्हणाली, "आबा, कानबाई खान्देशनी शे. तिले दादर नवी शे का?"

"मंग पोरनी तेवढी येगळी मूठ काढ. दादरनी. बठ्ठासले कसाले?"

"येगळी काढी ते रोट कसाना?" अक्का म्हणाली. "पीठ एक, घर एक. कोन्हीच सुटाले नको."

मी ओसरीवर उभी राहून ऐकत होते. तिने नियम मोडला नव्हता. सगळे एका पिठात हवेत, कोणी सुटायला नको, हा नियम तिने एवढा घट्ट धरला होता की त्यातला गहूच सुटून गेला. इतका हट्टी माणूस घरात असणं किती भाग्याचं आहे, ते मला त्या दिवशी समजलं.

आबांनी मिशीवरून हात फिरवला. मग त्यांची नजर ओसरीवरच्या बॅगेवर आणि त्या बॅगेवर बसलेल्या पोरीवर गेली. "काढ मंग," ते म्हणाले. "पह्यली मूठ मनी लय."

अक्काने आबांची मूठ घेतली, त्यांच्या घरातल्या सगळ्यांची घेतली. मग भूपेंद्रची. सोनलचं नाव घेताना तिने मान वर करून सुनेकडे पाहिलं. सोनल उभी होती तिथून पुढे आली आणि सासूच्या शेजारी बसली. मोनाली बॅगेवरून उडी मारून आलीच. "आजी, मनी? मनी मूठ?"

"मोनाली," अक्का म्हणाली आणि तिने सुपात दादरची भरलेली मूठ सोडली, वर चिमूट टाकली. पोरीने सुपात डोकावून आपले दाणे कोणते ते शोधायचा प्रयत्न केला.

मुठी संपल्या असं वाटून मी सूप उचलायला वाकले. अक्काने माझा हात थांबवला. पुन्हा पाटीत हात घातला, मूठ भरली आणि ती तशीच धरून बसली.

"छबी," ती म्हणाली. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

आबांनी टोपी काढून हातात घेतली. त्यांना छबी आठवत असणार. अक्काने मूठ सुपात सोडली, वरची चिमूटही विसरली नाही.

त्या दिवशी दादर जात्यावर दळली. चण्याची डाळसुद्धा घरीच भरडली. सोनल आणि अक्का समोरासमोर बसून जातं ओढत होत्या, मी घास घालत होते. बॅग ओसरीवरून कधी आत गेली ते कोणी पाहिलं नाही. रविवारी नथ-मंगळसूत्र घातलेली कानबाई चौरंगावर बसली, समोर नैवेद्य ठेवला.

रोट मात्र काही सुंदर झाले नाहीत, खरं तेच सांगते. अक्काच्या मातीच्या खापरावर भाजलेल्या गव्हाच्या मांड्यांची तालुक्यात ख्याती, आणि ज्वारीची उकड ताणली म्हणून जात नव्हती. पुरण भरलं की फाटायची, थापली की कडेने तडकायची. दोन-चार तर नव्या आणलेल्या खापरावरून उतरतानाच तुटले. आबा एक तुकडा उचलून म्हणाले की हा रोट आहे की नकाशा. तरी त्यांनी तीन खाल्ले, गंगाफळाच्या भाजीशी. मोनाली सगळ्यांच्या पंगतीत, भूपेंद्रच्या मांडीला मांडी लावून बसली होती. आजार कळल्यापासून सणाला पहिल्यांदाच सगळ्यांच्या ताटात तेच होतं जे तिच्या ताटात. तिने कोणालाच सांगितलं नाही की मला गहू चालत नाही. गरजच नव्हती.

मी सवयीने वरणभाताचं ताट घेऊन कोपऱ्यात गेले. दोन घास खाल्ले असतील, तेवढ्यात अक्का समोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात एक रोट होता, मधोमध चिरलेला.

"तिना वाटाना रोट कोन्ही खावाले पाहिजे," ती म्हणाली. "पुनीना आत. तू खाय."

"अक्का, मी बाहेरची. मला चालत नाही ना?" मी म्हटलं. इतक्या वर्षांचा टोमणा जिभेवर तयारच होता.

"तू बहीण शे ना तिनी," अक्का म्हणाली आणि तिने रोट माझ्या ताटात ठेवला.

तो खडबडीत होता, एका कडेला थोडा करपलेला. मी तो सगळा खाल्ला, आणि ताटात पडलेला चुरासुद्धा बोटाने टिपून खाल्ला.